पपांच्या वाट्याचा नाताळ केक

पहिल्या वर्षी मी केकमधली साखर काढून खजूर नि गूळ घातला. वसईच्या आमच्या घरात सगळे खूश, मधुमेह असलेले पपा तर फारच. दोन तासांनी त्यांची साखर मोजली, २४८! गूळ, मध, खजूर, सगळं रक्तात साखरच वाढवतं, आणि बेदाण्यांत तर १०० ग्रॅमला ६० ग्रॅमहून जास्त साखर असते. म्हणून आता मी आधी सुकामेवा तोलते.

टुटीफ्रुटी अजिबात नको, ती पाकात मुरवलेली कच्ची पपई. ४० ग्रॅम काळे मनुके, ३० ग्रॅम जर्दाळू, ३० ग्रॅम अंजीर, बस्स. अगदी बारीक चिरा, म्हणजे थोडे असूनही घासाघासाला लागतात. आई हे सगळं महिनाभर रममध्ये मुरवायची. पपांना दारू वर्ज्य, म्हणून मी पाव कप कडक कोऱ्या चहात दालचिनी, चार लवंगा आणि दोन संत्र्यांची किसलेली साल घालून रात्रभर भिजवते. संत्र्याची साल सोडू नका, गोडी कमी असल्याची उणीव तीच भरून काढते.

सकाळी दालचिनी-लवंगा काढून टाका. १०० ग्रॅम मऊ लोणी फेटून त्यात चार अंड्यांचे बलक एकेक करून घाला. मग भिजलेली फळं उरलेल्या चहासकट, एक किसलेलं सफरचंद, १५० ग्रॅम बदामाची पूड, ६० ग्रॅम कणीक, चमचाभर बेकिंग पावडर, ५० ग्रॅम अक्रोड, जायफळ. साखर नसल्यामुळे लोण्यात हवा कमी धरते, म्हणून अंड्याचं पांढरं वेगळं, घट्ट फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. घाई केलीत तर केक दगडासारखा बसतो.

१८ सेंटिमीटरच्या भांड्यात, १६० अंशांवर ५० ते ५५ मिनिटं. बदाम लवकर करपतो, तेव्हा अर्ध्या तासाने वर फॉइल झाका.

साखर केक टिकवते; हा फ्रिजमध्येही पाचेक दिवसच राहतो. त्यामुळे मी २३ तारखेला भाजते आणि सोळा काप करते. एका कापात साधारण १० ग्रॅम कर्बोदकं येतात. तरी प्रत्येकाचं शरीर निराळं, खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजाच. त्या वेळी करंज्या, दोदोल (नारळाचं दूध नि गुळाची मिठाई) काही नाही, गोड म्हणून तो एकच काप.

गेल्या नाताळात पपांची साखर १५२ आली. त्यांनी दुसरा काप मागितला, तो मी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर दिला.