विजेच्या झटक्यापासून शिलाई मशीन वाचवायचंय? मग या चुका टाळा

दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रॉनिक शिलाई मशीनचं झाकण उघडलं की आतलं चित्र बऱ्याचदा ठरलेलं असतं. पॉवर सप्लायच्या बोर्डवर नाण्याएवढी एक निळी चकती फुटलेली, शेजारचा फ्यूज आतून काळा पडलेला आणि नाकात बसणारा जळका वास. मशीन आणणारा माणूस मनापासून सांगतो, "काही केलं नाही हो, नुसतं चालू केलं." सुई वेळेवर बदलणारी, बॉबिन केसमधला धुरळा ब्रशने काढणारी ही माणसं असतात. विजेचा विषय निघाला की मात्र "स्पाइक गार्ड लावलाय ना" एवढ्यावर सगळं संपतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून आता राहवत नाही, म्हणून हे लिहितोय.

स्पाइक गार्ड सगळ्यातून वाचवतो, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

विजेचा त्रास दोन वेगळ्या प्रकारचा असतो. पहिला म्हणजे स्पाइक. जवळपास वीज पडली किंवा लाईनवर मोठं काही चालू-बंद झालं की हजारो व्होल्टचा झटका येतो, पण तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता टिकतो. दुसरा म्हणजे वाढलेलं व्होल्टेज. २३० च्या जागी ३०० किंवा ३५० व्होल्ट येतात आणि काही सेकंद, काही मिनिटं, कधी तासभर तसेच राहतात.

स्पाइक गार्डच्या आत तीच निळी चकती असते. तिला एमओव्ही म्हणतात आणि ती मुख्यतः झिंक ऑक्साईडची बनवतात. व्होल्टेज नेहमीचं असताना ती गप्प असते. ते मर्यादेबाहेर चढलं की ती क्षणात वीज वाहू देते आणि झटका स्वतःवर घेते. २३० व्होल्टच्या लाईनसाठी साधारण २७५ किंवा ३०० व्होल्टची चकती वापरतात. क्षणभराचा झटका ती पचवते. ३५० व्होल्ट मिनिटभर राहिले तर मात्र ती तापते, फुटते, कधी पेट घेते, आणि तिच्यामागचं मशीन उघड्यावर पडतं.

एक ताई घरी एम्ब्रॉयडरीची कामं करतात. कॉम्प्युटराइज्ड मशीन, चांगल्यातला स्पाइक गार्ड, सगळं नीट मांडलेलं. एका संध्याकाळी शिवणाच्या खोलीतले दिवे एकदम लख्ख झाले आणि पंखा जोरात फिरायला लागला. त्याच वेळी स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणता झाला आणि फ्रिज नुसता गुरगुरायला लागला, सुरूच होईना. घरातल्यांना वाटलं, व्होल्टेज वर-खाली होतंय, होईल नीट. नक्षीतलं शेवटचं फूल तेवढं पुरं करावं म्हणून ताईंनी मशीन चालूच ठेवलं. थोड्या वेळात स्पाइक गार्डमधून फटकन आवाज आला, धूर निघाला आणि मशीनचा पडदा काळा झाला. शेजारच्या सॉकेटमधला मोबाईलचा चार्जर आणि त्या खोलीतले दोन एलईडी दिवेही गेले.

"दादा, एवढा चांगला स्पाइक गार्ड होता, मग जळलं कसं?" त्यांनी विचारलं.

न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, सुटला होता. घरात थ्री फेज लाईन होती, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा (फेज) येत होत्या, आणि मेन बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार काळी पडली होती. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येक फेजला आपले २३० व्होल्ट मिळतात. तो सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन्हीकडच्या उपकरणांमध्ये वाटले जातात, आणि ही वाटणी सारखी होत नाही. ज्या फेजवर जड उपकरणं चालू आहेत तिथलं व्होल्टेज कोसळतं आणि जिथे दोन दिवे नि एक मशीन आहे तिथलं चढतं. म्हणून एक खोली लख्ख आणि दुसरी मिणमिणती. सिंगल फेज घरातही हे होऊ शकतं, कारण बाहेरच्या लाईनवरचा न्यूट्रल तुटला तर शेजारपाजारची घरं मिळून हाच खेळ होतो.

तेव्हा ही खूण पाठ करून ठेवा. काही दिवे जास्त तेजाने आणि काही मंद दिसले, तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं. टाका अर्धा राहू दे, नक्षी वाया जाऊ दे. त्यानंतर वायरमन येऊन न्यूट्रल तपासेपर्यंत मेन चालू करायचा नाही.

यावरचा उपाय स्पाइक गार्ड नव्हे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईनच तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवून घ्यावं. लाईट परत आल्यावर ते थोडा वेळ थांबून मगच पुरवठा जोडतं. पूर्ण घरासाठी जमत नसेल तर निदान मशीनपुरता हाय कट-ऑफ असलेला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर घ्या. उलट बाजूही लक्षात असू द्या. रिलेवर, म्हणजे विजेने आपोआप हलणाऱ्या स्विचवर चालणारा स्टॅबिलायझर सावकाश वाढलेलं व्होल्टेज सांभाळतो, पण स्पाइक त्याची रिले हलायच्या आत पार निघून गेलेला असतो. दोन त्रास आहेत, म्हणून दोन उपाय लागतात. एकातच दोन्ही भागवायचा आग्रह धरणारी माणसं शेवटी बोर्ड बदलायला येतात.

दिवा विझलेला स्पाइक गार्ड वर्षानुवर्षं वापरणं

एमओव्ही प्रत्येक झटक्यासोबत थोडी थोडी झिजते. चांगल्या स्पाइक गार्डवर संरक्षण शाबूत आहे की नाही हे दाखवणारा वेगळा दिवा असतो. तो विझला की आतली चकती संपली, आता तो फक्त एक्स्टेंशन बोर्ड उरला. त्यात वीज चालू राहते म्हणून कुणी बदलत नाही. मोठा झटका बसल्याची शंका आली तरी मी स्पाइक गार्ड बदलतोच, दिवा लागत असला तरी. आणि चार सॉकेट नि एक लाल बटण असलेली प्रत्येक पट्टी स्पाइक गार्ड नसते. खोक्यावर ज्यूलमध्ये क्षमता लिहिलेली नसेल तर ती साधी पट्टी समजा.

स्पाइक गार्डमध्ये दुसरा स्पाइक गार्ड खोचू नका.

बटण बंद केलं म्हणजे मशीन सुटलं

मशीनचं बटण बंद केल्यावर आतल्या स्विचच्या दोन पट्ट्यांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट पडते. बऱ्याच मशीनमध्ये तो स्विच एकच तार तोडतो, दुसरी जोडलेलीच राहते. विजेच्या कडकडाटात लाईनवर येणारा झटका ती फट सहज ओलांडतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राऊटर यांचं "बंद" तर नुसतं झोपणं असतं, आतला पॉवर सप्लाय जागाच असतो.

म्हणून प्लग काढा. हा उपाय फुकट आहे, तरी सगळ्यात जास्त कंटाळा याचाच केला जातो. नवीन शिकणाऱ्यांना तर शिवण संपल्यावर कधी एकदा उठतो असं होतं. माझी सवय अशी आहे: शेवटचा टाका झाला की बटण बंद, प्लग बाहेर आणि तो मशीनच्या मुठीवर लटकवलेला. लटकलेला प्लग लांबून दिसतो, त्यामुळे ढग भरून आले की "काढला होता का?" असा प्रश्न पडत नाही. प्लग काढताना वायर ओढायची नाही, प्लगच धरायचा.

वेळेचंही भान हवं. ढग जमताना प्लग काढायचा. डोक्यावर विजा कडाडायला लागल्यावर सॉकेटकडे धावणं धोक्याचं आहे, मशीनपेक्षा तुमचा जीव मोठा. तेव्हा प्लगला आणि भिंतीतल्या कुठल्याही वायरला हात लावू नका.

आणि फक्त विजेचा प्लग काढून भागत नाही. टीव्हीची केबल, अँटेना, राऊटरला येणारी तांब्याची तार, एम्ब्रॉयडरी मशीनमधून कॉम्प्युटरला गेलेली यूएसबी वायर, या सगळ्या झटक्याच्या वाटा आहेत. प्लग काढलेल्या टीव्हीचा अँटेनाचा भाग जळालेला मी पाहिला आहे. नक्षी पेनड्राइव्हवरून भरता येत असेल तर यूएसबी वायर कायमची जोडून ठेवायची गरजच काय?

लाईट गेल्यावर पेडलवर पाय तसाच ठेवणं

लाईट जाते, माणूस अंधारात कपडा चाचपत बसतो, बोटं सुईखाली आणि पाय पेडलवर. साध्या मोटरच्या मशीनमध्ये लाईट आली की सुई त्याच क्षणी चालू होते. बोटातून सुई गेलेली माणसं माझ्याकडे येऊन गेली आहेत.

लाईट गेली की आधी पाय उचला, बटण बंद करा, मग चाक आपल्याकडे फिरवून सुई वर घ्या. लाईट आल्यावर लगेच मशीन लावू नका. त्या वेळी आसपासचे पंप नि फ्रिज सगळे एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज हेलकावे खातं. दिवा स्थिर जळतोय असं दिसल्यावर आणखी पाच मिनिटं थांबावं. घाई करणाऱ्यांना ही पाच मिनिटं फार वाटतात, पण बोर्ड मिळेपर्यंत मशीन किती दिवस पडून राहतं ते त्यांनी एकदा विचारून बघावं.

आणखी काही, थोडक्यात

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणं. एमसीबी जास्तीच्या करंटला आणि शॉर्टसर्किटला तोडतो. चढलेल्या व्होल्टेजशी त्याला देणंघेणं नाही.

इस्त्री आणि मशीन एकाच पट्टीवर. इस्त्री हजार-दोन हजार वॅट ओढते, थर्मोस्टॅट टकटक करत तिला जोडतो-तोडतो आणि पट्टीची पाती तापून ढिली होतात. इस्त्रीला भिंतीवरचं स्वतंत्र सॉकेट द्या.

अर्थिंगची तिसरी पिन मोडणं किंवा तिला बगल देणारा अडॅप्टर लावणं. स्पाइक गार्डमधल्या काही चकत्या झटका अर्थकडे वळवण्यासाठीच असतात. अर्थिंग नसेल तर त्यांना काम करायला वाटच नाही.

मेन बोर्डात बसवलेल्या सर्ज प्रोटेक्टरला (पूर्ण घरासाठी स्पाइक अडवणाऱ्या उपकरणाला) लांबलचक तारा. जोडणीच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, नाहीतर झटक्याचं व्होल्टेज तारेतच वाढून पुढे जातं.

चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मशीन चालवणं. मोटर गुणगुणते, तापते, पेडल नीट ऐकत नाही. प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

१२० व्होल्टचं मशीन २३० वर लावणं. पहिल्याच मिनिटात खेळ खलास. प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. मशीनच्या मागची पट्टी वाचा.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तार

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. झटका आला, चकतीने तो अंगावर घेतला, ती शॉर्ट झाली आणि फ्यूज उडाला. म्हणजे संरक्षणाने आपलं काम चोख केलं, बाकीचा बोर्ड शाबूत आहे. अशा वेळी त्याच क्षमतेचा फ्यूज आणि त्याच व्होल्टेजची चकती बसवली की बहुतेक वेळा मशीन चालू होतं. त्याऐवजी कुणीतरी चकती कापून टाकतं, फ्यूजला तांब्याची तार गुंडाळतं आणि "झालं चालू" म्हणून परत देतं. पुढच्या झटक्याला पॉवर सप्लायपासून स्टेपर मोटरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळं जातं. अशा बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा उखडून आलेल्या असतात, त्याचं पुढे काही करता येत नाही. दुरुस्तीनंतर मशीन परत घेताना फ्यूज किती अँपिअरचा घातला आणि चकती नवी बसवली का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

झटका बसल्यानंतर काय बघायचं

आधी त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. पुष्कळदा मशीन ठीक असतं आणि पट्टी गेलेली असते. लॅम्प लागला आणि मशीन मेलेलं असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. जळका वास येत असेल तर प्लग काढून थेट दुरुस्तीला द्या.

प्लग लावताच पेडलवर पाय नसताना मशीन सुसाट सुटलं, तर इलेक्ट्रॉनिक पेडलमधला ट्रायक, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा भाग, शॉर्ट झालेला असतो. जुन्या पेडलमध्ये कपॅसिटर खराब झाल्यावरही मशीन आपोआप चालू लागतं. दोन्हीकडे मशीनमधला बोर्ड बहुधा चांगला असतो, पेडलच दुरुस्त करावं लागतं. तोवर ते जोडून ठेवू नका.

मशीनच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर शिवण तिथेच थांबवा आणि अर्थिंग व इन्सुलेशन तपासून घ्या. सर्व्हो मोटरच्या कंट्रोल बॉक्सचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी काही मिनिटं साठून राहतं.