सिएनाच्या भिंतीवरचं खळं

"शिकाया जायलीस का फिराया?" तिकिटाचे पैसे हातात ठेवताना दादांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. कला आणि तत्त्वज्ञान जोडीनं शिकवणाऱ्या या अभ्यासक्रमांत वर्षातले दोन-तीन आठवडे एखाद्या परक्या गावी मुक्काम असतो. सकाळी चर्चा, दुपारी चित्रांसमोर. उरलेलं वर्ष घरी वाचन, निबंध आणि ऑनलाइन तास. अमेरिकेतल्या मेन राज्यातली आयडीएसव्हीए (इन्स्टिट्यूट फॉर डॉक्टरल स्टडीज इन द व्हिज्युअल आर्ट्स) ही संस्था अशा पद्धतीनं पीएचडी देते. स्वित्झर्लंडमधल्या सास-फे या डोंगरातल्या गावात युरोपियन ग्रॅज्युएट स्कूलचे वर्ग भरतात.

अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. मी आधी पिकासोवर लिहिलं, सगळं पुस्तकातून उचललेलं. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या पासोडीवर लिहिलं. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते हा विचार, मांडलं, अक्षरांनी आणि आकृत्यांनीही. विचार चित्रात कसा उतरतो, हाच तर या अभ्यासक्रमाचा विषय! तुमच्या पायाशी काय आहे ते आधी बघा, एवढं कळकळीनं सांगते. वेरूळ-अजिंठ्याला जाऊन एकाच मूर्तीसमोर, एकाच चित्रासमोर तासभर बसा, दिसेल ते वहीत उतरवा. तिकडे नेमकं हेच करायचं असतं.

कागदपत्रांत आपली मुलं अडतात. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. माझा पहिला अर्ज उत्पन्नाच्या कागदांवर नामंजूर झाला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून दादांनी कधी रिटर्न भरलं नव्हतं. दुसऱ्या वेळी सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सोयाबीनच्या आडतीच्या पट्ट्या आणि बँकेचं पासबुक, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. व्हिसा मिळाला. हे कागद निवडीच्या पत्राची वाट न पाहता जमवायला घ्या. तहसीलच्या चकरा किती होतील याचा नेम नसतो.

ऑनलाइन तासांचंही घरच्यांना सांगून ठेवा. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार.

आता इटलीतलं सिएना, आमच्या मुक्कामाचं गाव. तिथल्या नगरभवनात, शहर चालवणाऱ्या नऊ कारभाऱ्यांच्या दालनात, आम्बरोजो लोरेन्झेत्ती या चित्रकारानं 1338-39 मध्ये चांगला आणि वाईट राज्यकारभार भिंतींवर रंगवला. सामाईक हित म्हणजे काय, हे ॲरिस्टॉटलमध्ये वाचून आम्ही आत गेलो. मला आधी दिसलं ते खळं. माणसं मळणी करतायत, कुणी जनावर हाकत शहराकडे निघालंय. कापणीच्या दिवसांतलं आमचं शिवारच. मग नजर वर गेली. शेतांवर पंख असलेली एक बाई तरंगतेय, तिचं नाव सुरक्षा. तिच्या एका हातात मजकूर लिहिलेली गुंडाळी आहे, दुसऱ्या हातात फासाचा खांब, त्याला लटकलेला माणूस. दोन तास आम्ही तेवढ्याच भागावर बोललो. समोरच्या, वाईट कारभाराच्या भिंतीचा रंग बराच उडालाय, तिकडे कुणी वळलंच नाही.

त्या रात्री दादांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. "खळ्यावर फास कशाला गं टांगलाय?" माझा पहिला निबंध याच प्रश्नावर आहे.

एक तपासायचं राहू देऊ नका. इकडे प्राध्यापक व्हायचं असेल, तर अशा पदवीला भारतात समकक्षता मिळेल का, हे प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या. शिष्यवृत्तीचंही तेव्हाच विचारा. शुल्कात विमानभाडं धरलेलं असतं का, हेही.