सराउंड संगीताच्या डिस्क निवडताना या चुका टाळा

घरी पाच स्पीकर आणि एक सबवूफर बसवलेल्या रसिकाला आज ना उद्या वाटतेच की ही मांडणी केवळ चित्रपटांपुरती न ठेवता तिच्यावर सभोवतालून येणारे, म्हणजे सराउंड, संगीतही तितक्याच तोलाचे ऐकावे. त्यासाठी मुख्यतः तीन प्रकारच्या डिस्क आहेत: सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेली एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी), त्यानंतर लगेचच आलेली डीव्हीडी-ऑडिओ आणि आज नवी प्रकाशने जिच्यावर निघत असतात ती ब्ल्यू-रे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात या डिस्क दुकानात हातात घेऊन पाहण्याची सोय सहसा नसते. खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत विचारले, तर साधी ऑडिओ सीडीदेखील आता मुश्किलीने मिळते. त्यामुळे त्या बाहेरून मागवाव्या लागतात, नाहीतर पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी असलेल्या मुलांकडून आणवून घ्याव्या लागतात. एवढ्या लांबून आलेली डिस्क परत पाठवणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे चूक पैसे देण्याआधीच टाळलेली बरी.

बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. डिस्कचा प्रकार कळला म्हणजे आवाजही कळला, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक प्रकारावरून फक्त त्या डिस्कवर किती माहिती मावू शकते एवढेच समजते. तिच्यावर काय भरले आहे हे मूळ ध्वनिमुद्रण आणि त्याचे मिश्रण (मिक्सिंग) यांवर ठरते, आणि ते आपल्या कानापर्यंत पोहोचते की नाही हे आपल्या यंत्रांच्या जोडणीवर ठरते.

नुसते चिन्ह पाहून खरेदी करणे

एसएसीडी म्हणजे सराउंड, हा समज सर्वाधिक आढळतो आणि तो चुकीचा आहे. या डिस्कवर सहा चॅनलपर्यंतचा (चॅनल म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज) बहुचॅनल भाग ठेवता येतो, पण तो ठेवलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि बाजारातल्या असंख्य एसएसीडींवर केवळ दोन चॅनलचे संगीत आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूस ‘मल्टी-चॅनल’ असा स्पष्ट उल्लेख किंवा ‘५.१’, ‘५.०’, ‘४.०’ असा आकडा (टिंबाआधी स्पीकरचे चॅनल, टिंबानंतर सबवूफरचा) दिसला, तरच सराउंड आहे असे समजावे. जपानमध्ये युनिव्हर्सलने काढलेल्या एसएचएम-एसएसीडी या मालिकेतील डिस्क प्रामुख्याने दोन चॅनलच्या आणि एकाच थराच्या आहेत. त्यांच्यावर साध्या सीडीचा थर नसल्यामुळे त्या मोटारीतल्या किंवा जुन्या सीडी प्लेअरवर अजिबात वाजत नाहीत. याउलट एसएचएम-सीडी, ब्ल्यू-स्पेक सीडी आणि यूएचक्यूसीडी ही नावे कितीही भारदस्त वाटली, तरी डिस्क घडवण्याचे साहित्य वा पद्धत वेगळी असलेल्या त्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झच्या दोन चॅनलच्या सीडीच आहेत. त्यांत सराउंड नाही, आणि नावातल्या एक-दोन अक्षरांच्या फरकापायी मोठी रक्कम वाया जाऊ शकते.

ब्ल्यू-रे घेताना ‘एलपीसीएम’, ‘डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ’ किंवा ‘डॉल्बी ट्रूएचडी’ यांपैकी एक शब्द आणि त्याच्याजवळ चॅनलची संख्या, असे दोन्ही वाचावे. हे तिन्ही प्रकार मूळ नोंद पूर्णपणे जपतात. डीव्हीडीवरच्या ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ची मर्यादा मात्र सेकंदाला ४४८ किलोबिट एवढीच असते आणि तेवढ्यात सहा चॅनल बसवण्यासाठी बराच तपशील काढून टाकावा लागतो. ‘ॲटमॉस’ (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची सराउंड पद्धत) या शब्दाचेही तसेच आहे: इंटरनेटवरून ऐकले जाणारे ॲटमॉस संगीत बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या संकुचित स्वरूपात येते, तर ब्ल्यू-रेवरचे ॲटमॉस सामान्यतः ट्रूएचडीच्या आधाराने येते.

एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या असतात, याकडेही पुष्कळांचे दुर्लक्ष होते. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे उदाहरण घ्या. त्याची २००३ मधील एसएसीडी जेम्स गथ्री यांनी केलेल्या ५.१ मिश्रणाची आहे. ॲलन पार्सन्स यांचे १९७३ मधील चार चॅनलचे मिश्रण २०११ च्या मोठ्या संचात मिळाले, आणि ॲटमॉस मिश्रण २०२३ मध्ये ब्ल्यू-रेवर आले. मुखपृष्ठ मात्र सर्वांवर जवळपास तेच आहे, आणि त्याच मुखपृष्ठाच्या साध्या सीडी तर सर्वत्र मिळतात. म्हणून मागणी नोंदवताना अल्बमचे नाव नव्हे, तर कॅटलॉग क्रमांक आणि बारकोड जुळवून पाहावा, आणि विक्रेत्याकडून मागच्या बाजूचे स्वच्छ छायाचित्र मागवावे.

मूळ टेप कोणती, हे न विचारणे

माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. डिस्कवरचा सराउंड आवाज चार वेगवेगळ्या मार्गांनी आलेला असू शकतो, आणि या चारही मार्गांची किंमत सारखी नाही.

पहिल्या मार्गात स्टुडिओतल्या अनेक ट्रॅकच्या मूळ टेपवरून नव्याने ५.१ मिश्रण केलेले असते. रॉक आणि जॅझमधील बऱ्याच चांगल्या डिस्क अशा आहेत. दुसऱ्या मार्गात १९७० च्या दशकातील ‘क्वाड’, म्हणजे चार चॅनलची मिश्रणे पुन्हा प्रसिद्ध केलेली असतात. या डिस्क वाजवताना मधला स्पीकर, आणि इतर स्पीकरचा खर्ज सबवूफरकडे वळवलेला नसेल तर सबवूफरही, गप्प राहतो, आणि ते पाहून काही जण रिसीव्हर (सर्व स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) दुरुस्तीला नेतात. तो बिघाड नव्हे. त्या काळी मधला चॅनलच नव्हता, आणि प्रामाणिक प्रकाशक तो आता उगाच निर्माण करत नाही.

तिसरा मार्ग पाश्चात्त्य अभिजात संगीताचा आहे. त्यात सभागृहातच सराउंडसाठी मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण केलेले असते. स्वीडनची बीआयएस, नेदरलँड्सच्या चॅनल क्लासिक्स आणि पेंटाटोन, तसेच नॉर्वेची टूएल या संस्थांनी या क्षेत्रात फार मोलाचे काम केले आहे. फिलिप्स क्लासिक्समधील माजी अधिकाऱ्यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या पेंटाटोनने फिलिप्सच्या जुन्या क्वाड टेपही एसएसीडीवर आणल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या मी आवर्जून सुचवीन. अशा ध्वनिमुद्रणांत मागच्या स्पीकरमधून बहुधा सभागृहातला प्रतिध्वनीच येतो, तोही हळुवार. मागच्या स्पीकरला कान लावून ‘यात वाद्ये कुठे आहेत’ असे विचारणे व्यर्थ आहे. त्याऐवजी ऐकताना मागचे स्पीकर अचानक बंद करून पाहावे, म्हणजे समोरचा वाद्यवृंद एकाएकी सपाट होतो आणि मागच्या दोन चॅनलचे काम लक्षात येते. टूएलची पद्धत निराळी आहे. तिथे बऱ्याचदा वादक श्रोत्याच्या सभोवती बसवलेले असतात. यांपैकी आपल्याला काय रुचते, हे एकेक डिस्क घेऊन ठरवावे आणि मगच पुढची खरेदी करावी.

चौथा मार्ग टाळावा असा आहे. त्यात दोन चॅनलच्या किंवा एका चॅनलच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला संगणकाने पसरवून ‘५.१’ म्हणून विकले जाते. आपल्या भागातील रसिकांना हे विशेष सांगायला हवे, कारण इथल्या घराघरांत हिंदुस्थानी संगीत ऐकले जाते. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगळ आणि भीमसेन जोशी ही धारवाड-हुबळी-गदग पट्ट्यातली मंडळी आपल्याला घरच्यासारखी वाटतात. त्यांचे जे गाणे आपण जपून ठेवले आहे ते एका किंवा दोन चॅनलवर नोंदलेले आहे, त्यामुळे अशा ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर ‘५.१’ छापलेले दिसले तर मागच्या स्पीकरमधून येणारा तानपुरा तिथे नंतर नेऊन ठेवलेला आहे असे खुशाल समजावे. या गायकांचे चांगले जतन केलेले दोन चॅनलचे ध्वनिमुद्रण समोरच्या दोन स्पीकरवर ऐकणे, हाच त्यांच्या गाण्याचा खरा मान आहे. सराउंडसाठी ठेवलेले पैसे जिथे खरोखर बहुचॅनल टेप अस्तित्वात आहे तिथेच घालावेत.

डिस्क चांगली, पण वाट अडलेली

डिस्क योग्य असूनही सराउंड ऐकू येत नसेल, तर आधी प्लेअर तपासावा. दोन थरांची एसएसीडी साध्या सीडी प्लेअरमध्ये वाजते, म्हणून ऐकणारा समाधानी असतो. प्रत्यक्षात त्याला फक्त सीडीचा थर ऐकू येत असतो. डीव्हीडी-ऑडिओ साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर तिच्यावर सोयीसाठी दिलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज वाजतो, पण ज्यासाठी पैसे दिले ती २४ बिटची नोंद तशीच पडून राहते. संगणकाचा डिस्क ड्राइव्ह एसएसीडीचा वरच्या दर्जाचा थर वाचत नाही. प्लेस्टेशन ५ वर तर साधी ऑडिओ सीडीसुद्धा वाजत नाही. सर्व ब्ल्यू-रे प्लेअर एसएसीडी वाजवतात असेही नाही, म्हणून खरेदीपूर्वी त्या विशिष्ट मॉडेलची माहितीपुस्तिका उघडून एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ ही दोन्ही नावे शोधावीत. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ दोन्ही वाजवतो. ओप्पोचे प्लेअर अजूनही नावाजले जातात, पण त्या कंपनीने २०१८ मध्ये हे काम थांबवले. त्यामुळे जुना ओप्पो घेताना लेन्सची अवस्था स्वतःची डिस्क लावून पाहावी.

प्लेअर बरोबर असेल, तर केबलकडे वळावे. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा पीसीएम (संकुचित न केलेला डिजिटल आवाज) किंवा संकुचित डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढेच जाते. एसएसीडीचा बहुचॅनल आवाज, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तिच्यातून जाऊ शकत नाही. प्लेअर एचडीएमआय केबलने थेट रिसीव्हरला जोडावा. आधी टीव्हीला आणि तिथून साध्या एआरसीने (टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधून रिसीव्हरकडे परत नेणाऱ्या सोयीने) रिसीव्हरला जोडल्यास बहुचॅनल आवाज वाटेतच दोन चॅनलचा होतो किंवा संकुचित होतो.

त्यानंतर प्लेअरच्या सेटिंग्ज पाहाव्यात. एसएसीडीसाठी ‘मल्टी’, ‘स्टिरिओ’ आणि ‘सीडी’ यांतून निवड असते आणि नव्या यंत्रातही ती ‘स्टिरिओ’वर असू शकते. ब्ल्यू-रे प्लेअरमधील दुय्यम आवाज मिसळण्याची सोय बंद ठेवावी, कारण ती चालू असताना काही यंत्रे ट्रूएचडीऐवजी साधा डॉल्बी डिजिटल पाठवतात. रिसीव्हर जुना असून डीएसडी (एसएसीडीवरच्या आवाजाचे डिजिटल स्वरूप) स्वीकारत नसेल, तर प्लेअरमध्ये डीएसडीचे पीसीएममध्ये रूपांतर करण्याचा पर्याय निवडावा. त्याने आवाजाची फार मोठी हानी होत नाही. शेवटी रिसीव्हरच्या पडद्यावर ‘मल्टी-चॅनल’ आणि ८८.२, ९६ किंवा १९२ यांसारखा किलोहर्ट्‌झचा आकडा दिसतो का ते पाहावे. तिथे साधे ‘डॉल्बी डिजिटल’ दिसत असेल, तर अडथळा अजून वाटेत कुठेतरी आहे.

आणखी एक अडचण वरचेवर येते. ‘प्युअर डायरेक्ट’ (आवाजावरची प्रक्रिया बंद करणारी रिसीव्हरची सोय) लावले की आवाज पातळ होतो आणि सबवूफर थांबतो. कित्येक रिसीव्हरमध्ये या सोयीने लहान स्पीकरचा खर्ज सबवूफरकडे वळवण्याची व्यवस्थाच बंद होते. समोरचे स्पीकर मोठे नसतील, तर ही सोय न वापरणेच चांगले.

स्पीकरच्या जागेबद्दल थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे जवळजवळ बाजूला, श्रोत्यापासून सारख्या अंतरावर हवेत. आपल्याकडच्या जुन्या घरांतला सोपा किंवा माजघर लांबट असते आणि बैठक मागच्या भिंतीला टेकलेली असते. ती तीन-चार फूट पुढे घेतली, तर पुष्कळ फरक पडतो.

मागवताना आणि सांभाळताना

एसएसीडीला प्रदेशाचे, म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर वाजण्याचे, बंधन नाही. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेवर मात्र ते असू शकते. भारत डीव्हीडीसाठी ५ व्या आणि ब्ल्यू-रेसाठी सी प्रदेशात येतो. निव्वळ संगीताच्या ब्ल्यू-रे बहुधा बंधनमुक्त असतात, पण मैफलीचे चित्रीकरण असलेल्या डिस्कबाबत आधी विचारून घ्यावे. परदेशातून मागवताना डिस्कच्या किमतीत टपाल आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करावा. घरच्या संगणकावर एसएसीडी तयार करता येत नाही, त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या ‘एसएसीडी’चा खालचा पृष्ठभाग जांभळट किंवा निळसर असेल, तर ती नक्कल आहे. पार्सल फोडताना चित्रीकरण करावे आणि त्याच आठवड्यात डिस्क शेवटच्या ट्रॅकपर्यंत, प्रत्येक स्पीकरकडे लक्ष देऊन ऐकावी, म्हणजे तक्रारीची मुदत हातची जात नाही.

दोन थरांच्या एसएसीडीत सीडीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, तेव्हा त्या बाजूचा ओरखडाही घातक ठरतो. डिस्क पुसायची झाली, तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलगोल पुसू नये. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीतल्या कपाटात ओल धरते आणि आतल्या पुस्तिकांवर बुरशी चढते. जूनच्या आधीच डिस्क बाहेरच्या भिंतीपासून दूर हलवाव्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळाभर प्लेअर अधूनमधून चालू करावा.