एफडी टाकायच्या आधी सहकारी बँकेचा अहवाल कसा वाचायचा

सहकारी बँकेचे सभासद असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वार्षिक अहवाल घरी येतो, हल्ली पीडीएफही येते. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, मग संचालक मंडळ, मग श्रद्धांजली, मग आजी-माजी पुढाऱ्यांच्या हस्ते झालेलं नव्या शाखेचं उद्घाटन. आपण तिथपर्यंत बघतो आणि अहवाल रद्दीत. माझी मावशी मात्र रद्दीत टाकायची नाही, कपाटात नीट ठेवायची, नुसतं वाचायची नाही एवढंच. निवृत्त शिक्षिका, फंडाचे १४ लाख एका सहकारी बँकेत (नाव नको), कारण काय तर इतरांपेक्षा टक्काभर व्याज जास्त. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे पैसे काढणं बंद, ठेव विम्याचे ५ लाख मिळाले, बाकीचे अजून "प्रक्रियेत" आहेत. नंतर मी तिच्या कपाटातले चार वर्षांचे अहवाल काढून बसलो आणि डोकंच फिरलं, कारण जवळजवळ सगळं त्यात छापलेलं होतं. तेव्हा मी जे बघायला शिकलो ते लिहितोय. मी सीए नाही, आकडेमोड दहावीची पुरते.

सगळ्यात आधी, ती बँक आहे का ते बघा. हसू नका. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि बँक, तिघांच्या पाट्या सारख्या, काउंटर सारखे, पासबुकही सारखं, पण पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा ठेव विमा नाही. मल्टिस्टेट सोसायटीलाही नाही. डीआयसीजीसी म्हणजे रिझर्व्ह बँकेचीच ठेव विमा कंपनी, तिच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा. नाव नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, एजंट कितीही जवळच्या नात्यातला असला तरी.

आता अहवाल उलटा उघडा, मागून. फोटोंची पानं सोडा आणि थेट वैधानिक लेखापरीक्षकांचा अहवाल, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि त्याच्या मागची टिपणं. एका वर्षाचा अहवाल वाचून काही कळत नाही, निदान तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या. जुने वेबसाइटवर नसतील तर शाखेत मागा, आणि मागितल्यावर साहेबांचा चेहरा कसा होतो तेही बघा.

पहिलं एनपीए. तीन महिने म्हणजे ९० दिवस हप्ता किंवा व्याज आलं नाही की कर्ज अनुत्पादक. अहवालात दोन आकडे असतात, ढोबळ आणि निव्वळ. निव्वळ म्हणजे ढोबळमधून बँकेने करून ठेवलेली तरतूद, म्हणजे बुडीत जाईल म्हणून बाजूला काढलेली रक्कम, वजा. जाहिरातीत नेहमी निव्वळच छापतात कारण तो लहान दिसतो. पण खरी गंमत टक्क्यात आहे. समजा कर्जं २०० कोटी आणि थकलेली १२ कोटी, म्हणजे ६ टक्के. पुढच्या वर्षी बँकेने दणादण कर्जं वाटली, ३०० कोटी केली, आणि थकलेली १५ कोटी झाली, तर झाले ५ टक्के. अध्यक्ष मनोगतात लिहिणार "एनपीए कमी करण्यात यश", टाळ्या, आणि प्रत्यक्षात थकलेले पैसे ३ कोटींनी वाढलेत, शिवाय नवीन कर्ज पहिल्याच वर्षी सहसा थकत नाही, ते नंतर थकतं. म्हणून टक्के बघू नका, रुपये बघा, तीन वर्षांचे.

दुसरं, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला "येणे व्याज" अशी एक ओळ असते. कर्जाच्या मानाने ही रक्कम दरवर्षी फुगत चालली असेल तर समजायचं की व्याज कागदावर लागतंय पण हातात पडत नाहीये. मावशीच्या बँकेत तिसऱ्या वर्षी कर्जं जवळपास तेवढीच होती आणि ही ओळ दुपटीच्या वर गेली होती. मी पेन्सिलने गोल केला तो अजून आहे. त्याच वर्षी लेखापरीक्षकाने बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही मोठ्या कर्जांच्या तारणाचे मूल्यांकन अहवाल पाहायला मिळाले नाहीत, आणि त्याच वर्षी लाभांश रद्द. हे सगळं ४० नंबरच्या पानापुढे.

तिसरं सीआरएआर, म्हणजे भांडवल पर्याप्तता. सोप्पं करून सांगायचं तर बँकेने जोखमीने दिलेल्या दर १०० रुपयांमागे तिचे स्वतःचे किती. मुख्यतः १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या छोट्या नागरी बँकांना किमान ९ टक्के, बाकीच्या नागरी बँकांना १२ टक्के, आणि १२ गाठायला रिझर्व्ह बँकेने मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली होती. काठावरची बँक लगेच बुडते असं नाही, पण दरवर्षी अर्धा-एक टक्का घसरत असेल तर का घसरतंय ते विचारा.

चौथं थोडं कंटाळवाणं, तरी वाचा. टिपणांमध्ये संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची ओळ असते. नागरी सहकारी बँकांना अशी कर्जं द्यायला २००३ पासून बंदी आहे, ठेव किंवा विमा पॉलिसीच्या तारणावरची किरकोळ सोडली तर. तिथे आकडा दिसला तर तो कशाच्या तारणावर ते बघायचं. आणि मोठ्या कर्जदारांचा वाटा कळतो का बघा. २०२० च्या नियमांनुसार एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या (म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या) १५ टक्के आणि एका गटाला २५ टक्के ही मर्यादा आहे.

ही मर्यादा का आहे हे पीएमसीवाल्यांना, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं की खात्यातून १,००० रुपये काढता येतील. एक हजार! नंतर कळलं की सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर गटाला दिलेलं आणि ते लपवायला २१ हजारांहून जास्त खोटी खाती. आणि आता ऐका, त्याच बँकेच्या त्याच वर्षीच्या अहवालात ढोबळ एनपीए ४ टक्क्यांच्या आत आणि नफा व्यवस्थित. म्हणजे मी वर सांगितलेली सगळी पेन्सिल तिथे फुकट गेली असती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर तिजोरीतली रोकडच गायब, १२२ कोटींचा गुन्हा दाखल झाला. अहवाल वाचून आजारी बँक ओळखू येते, खोटं बोलणारी बँक ओळखू येत नाही. दुसऱ्या प्रकाराला उपाय एकच, आणि तो म्हणजे ५ लाखांचं गणित नीट मांडणं.

हे गणित बहुतेकांचं चुकतं म्हणून जरा थांबून सांगतो. विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, त्याआधी १९९३ पासून १ लाखच होता. तो खात्यामागे नाही, शाखेमागे नाही, एका बँकेत एका माणसामागे आहे. दादर शाखेत ५ आणि ठाणे शाखेत ५ टाकले तरी मिळणार ५ च. बचत, चालू, एफडी, आरडी सगळं एकत्र मोजतात, आणि मुद्दल अधिक व्याज मिळून ५. म्हणून ५ लाखांची एफडी करूच नका. ८ टक्क्यांनी ३ वर्षांची, व्याज शेवटी मिळणारी एफडी असेल तर ३ लाख ९० हजार टाका, मुदतीला ते ४ लाख ९४ हजारांच्या घरात जातं, त्यातही बचत खात्यात जास्त ठेवू नका.

संयुक्त खात्यात मात्र सवलत आहे आणि ती कायदेशीर आहे. आई एकटी, बाबा एकटे, आई-बाबा, आणि बाबा-आई, ही विम्याच्या हिशेबात चार वेगळी खाती, कारण नावांचा क्रम बदलला की हक्क वेगळा धरतात. म्हणजे एकाच बँकेत या चार खात्यांचे मिळून २० लाख झाकता येतात. दुकानाच्या नावाचं प्रोप्रायटर खातं मात्र तुमच्या वैयक्तिक खात्यातच मिळवतात, तिथे फसू नका. आणि त्याच बँकेचं कर्ज असेल तर देताना ते वजा होऊ शकतं.

हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे दोनदा वाचा. तुमचा सिंकिंग फंड ४० लाख असो की ४ कोटी, एका बँकेत सोसायटीला ५ लाखच. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा साध्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने, मोठ्या रकमांना तर १० वर्षांपर्यंत थांबायचं ठरलं, आणि संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींचं काय झालं तर ८० टक्के प्रेफरन्स शेअर हातात. लिफ्ट दुरुस्त करायला शेअर देणार का वॉचमनला?

रिझर्व्ह बँकेच्या साइटवरही एक चक्कर मारायची, प्रेस रिलीजमध्ये बँकेचं नाव टाकून. दंड बहुतेक बँकांना कधी ना कधी होतो, घाबरायचं कारण नाही, कारण वाचायचं. केवायसीची मुदत पाळली नाही म्हणून लाखभर दंड हे हलगर्जीपणाचं काम, पण संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज किंवा कर्जमर्यादा ओलांडली म्हणून दंड असेल तर मी तरी एफडी मोडायच्या रांगेत. जून आणि डिसेंबरमध्ये येणारा वित्तीय स्थिरता अहवालही चाळा, पण त्यात तुमच्या बँकेचं नाव नसतं. मार्च २०२५ ला देशातल्या व्यापारी बँकांचा ढोबळ एनपीए २.३ टक्के, कित्येक दशकांतला नीचांक. छानच आहे, पण ती सरासरी झाली, जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस पडला म्हणून आपल्या शिवारात पडलाच असं थोडंच आहे.

त्याचा खरा उपयोग तुलनेला. तसंच रेपोचं, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याचं. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला, बाकीच्या बँकांनी एफडीचे दर खाली आणले, अशा वेळी एखादी बँक जुनाच दर धरून बसली असेल, वर "मर्यादित कालावधीसाठी खास योजना" असा बॅनर लावत असेल, तर तिला पैशांची इतकी निकड का, हा प्रश्न काउंटरवर विचारायला लाजू नका. मावशीच्या बँकेने शेवटच्या वर्षी अशा तीन योजना काढल्या होत्या.

आणि तरी अडकलातच तर. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद २०२१ पासून कायद्यात आहे, पण त्यासाठी तुम्हाला पहिल्या ४५ दिवसांत बँकेत जाऊन संमतीचा फॉर्म, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. मावशीचं दुसऱ्या बँकेत खातंच नव्हतं. ते उघडण्यात तिचे नऊ दिवस गेले, त्यातला एक दिवस पॅनवरचं आडनाव माहेरचं निघालं म्हणून.