नाशिकच्या हवामानात वाईनची द्राक्षबाग: लागवडीपासून बाटलीपर्यंत

युरोपातली वेल थंडीत झोपते. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी (पक्व झालेली फूट) तयार करते, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी घड देते. वाईनची प्रत सगळे वायनरीच्या टाकीत शोधतात. नाशिकमध्ये ती बरीचशी एप्रिल ते जूनमध्येच ठरते. पुढचा सगळा क्रम हे धरूनच वाचावा.

खुंट आणि कलम

जमीन निचऱ्याची हवी. मातीबरोबर पाणीही तपासून घ्या, कारण खुंटाची (ज्या मुळांच्या वेलीवर वाईनची जात कलम करतात तिची) निवड त्यावर ठरते. पाणी खारट असेल तर डॉगरीज हा खुंट टिकतो, पण त्याचा जोम फार. वेल पानांतच रमते. वाईनसाठी मध्यम जोमाचा 110 आर बरा.

ओळी उत्तर-दक्षिण घ्या. दोन ओळींत 8 फूट आणि दोन वेलींत 4 फूट अंतर ठेवल्यास एकरी सुमारे 1360 वेली बसतात. खुंटाची रोपे जानेवारी-फेब्रुवारीत लावा. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उष्ण, दमट हवेत पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर पाचर कलम (खुंट चिरून त्यात पाचरीसारखी कापलेली काडी बसवणे) करा. पांढऱ्या वाईनसाठी सोव्हिन्यॉ ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ, लालसाठी शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यॉ या जाती घ्या. कलमाचा जोड कायम मातीच्या वर राहिला पाहिजे. भर घालताना तो गाडला गेला, तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंट घेतल्याचा उपयोग उरत नाही.

पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट घेऊन (वेल पुन्हा खाली कापून) खोड सरळ वर न्या आणि तारेवर दोन्ही बाजूंना ओलांडा (खोडाची आडवी फांदी) वळवा. इथे घाई नडते. ओलांडा एका दमात पळू दिला तर मधले डोळे (फुटीच्या कळ्या) फुटतच नाहीत आणि तेवढी जागा कायमची रिकामी राहते. फूट 9-10 पानांची झाली की 7 पानांवर शेंडा मारा, बगलफुटी (पानांच्या बगलेतल्या फुटी) येऊ द्या, मग शेवटची फूट पुढे न्या. ओलांडा पूर्ण होईपर्यंत हेच करत राहायचे.

एप्रिल: खरड छाटणी

ओलांड्यावर एकेक डोळा राखून बाकी काडी काढा. फुटी आल्या की गर्दीच्या आणि कमजोर फुटी वेळेवर काढून टाका. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात डोळ्याच्या आत सूक्ष्मघडनिर्मिती होते. पुढच्या हंगामाचा घड तेव्हा टाचणीच्या टोकाहून लहान असतो, आणि त्याला ऊन लागते. या दिवसांत नत्र थांबवा, पाणी कमी करा, स्फुरद-पालाश द्या, फुटी तारेत मोकळ्या बांधा. पानांची दाटी झाली, त्यात जूनचे ढगाळ हवामान आले, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) तयार होते. ऑक्टोबरमध्ये कितीही औषधे मारली तरी तो घड परत येत नाही.

पावसाळ्यात काडी हिरव्याची तपकिरी होईपर्यंत जुनी पाने टिकवायची. डाऊनी आणि करपा हे बुरशीजन्य रोग याच काळात बाग उघडी पाडतात. बोर्डो मिश्रणाची फवारणी उघडीप मिळताच करा.

गोडी छाटणी ते काढणी

छाटणीआधी काडी प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्या. ज्या डोळ्यात घड दिसतो, त्याच्यापुढे एक डोळा ठेवून कापा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात. हे औषध विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. ते हाताळणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर मद्याला स्पर्श करू नये, थोड्या मद्यानेही प्रकृती गंभीर बिघडते. वायनरीच्या बागेत ही सूचना मजुरांना तोंडी, समोर बसवून सांगा.

पोंगा (डोळा नुकताच फुटताना) ते फुलोरा या काळात पाऊस झाला की घड जिरतात (वाढ न होता नाहीसे होतात) किंवा कुजतात. डाऊनी पानाच्या खाली पांढऱ्या बुरशीने दिसतो. पुढे थंडी वाढली की भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) येते. मणी बाजरीएवढे झाले की घडाजवळची पूर्वेकडची पाने काढा. पश्चिमेची ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात. एकरी 4-5 टनांपेक्षा जास्त माल वेलीवर ठेवू नये. खाण्याच्या द्राक्षाचे गणित इथे चालत नाही. माल वाढला की साखर मागे राहते आणि रंग फिका पडतो.

पाणी उतरल्यापासून (मणी मऊ पडून रंग-गोडी धरू लागल्यापासून) दर तीन-चार दिवसांनी 100 मणी तोडा: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले, टोकाचे. गोड दिसणारेच मणी उचलले तर मोजणी फसते. पांढऱ्याला 20 ते 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप), लालला 23-24 ब्रिक्स आणि सामू (pH) 3.5 च्या आत हवा. शिवाय बी चावून बघा. हिरवे बी जिभेला ओढून धरते. तपकिरी झालेले दाताखाली कुडकन मोडते आणि भाजलेल्या दाण्यासारखे लागते. लाल वाईनला ते दुसरेच हवे.

काढणी पहाटे, ऊन चढण्याआधी उरका.

वायनरीत

महाराष्ट्रात वाईन करायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो हाती आल्याशिवाय टाकी भरू नका.

लाल वाईनसाठी देठ काढून मणी फोडा. 100 किलो द्राक्षाला 8 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाईट विरघळवून घाला. दुसऱ्या दिवशी 25 ग्रॅम यीस्ट दहापट कोमट पाण्यात (37-40 अंश) 20 मिनिटे फुलवा, थोडा थोडा रस घालत थंड करा, मगच टाकीत ओता. गरम यीस्ट गार रसात एकदम ओतले तर बरेचसे मरते आणि आंबवण मध्येच अडते.

तापमान 24 ते 28 अंश ठेवा. साली वर येऊन जाड टोपी धरतात. ती दिवसातून तीनदा दाबून रसात बुडवा. दाबणे वारंवार चुकले की वरचा थर कोरडा पडून त्यावर व्हिनेगरचा वास धरतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्टची नत्रासाठी उपासमार झाली आहे. सुरुवातीलाच 100 लिटरला 20 ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट दोन भागांत दिले तर ही वेळ सहसा येत नाही. मात्र ते खताच्या दुकानातले नको, खाद्य दर्जाचे घ्या. पांढरी वाईन आधी दाबून सालीविना, 14-18 अंशांवर आंबवतात.

आंबताना कार्बन डायऑक्साईड जमिनीलगत साचतो. मेणबत्ती पेटती आहे म्हणून हवा सुरक्षित आहे असे धरू नका. पंखा आधी लावा, टाकीत एकट्याने उतरू नका.

ब्रिक्सचा काटा शून्याच्या खाली स्थिरावला की लाल वाईन सालीवरून काढून दाबा. 100 किलोला 60-70 लिटर मिळते. दुसरे, मॅलोलॅक्टिक आंबवण (जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात) संपल्यावर वाईन गाळावरून उपसा, गंधक (पोटॅशियम मेटाबायसल्फाईट) द्या, आणि टाकी काठोकाठ भरा. तोंडाशी मोकळी जागा राहिली की हवेतले जिवाणू वाईनचा व्हिनेगर करतात. बॅरलमधून वाईन उडत असते, म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच वाईनने भरत राहा. त्यासाठी काही बाटल्या पहिल्या दिवसापासूनच बाजूला काढून ठेवाव्या लागतात.