परदेशातील लिलावात घर घेण्यापूर्वीची तयारी

लिलावाच्या जाहिरातीतील छायाचित्रे न्याहाळत बसण्याआधी त्या देशात परकीय नागरिकाला घर विकत घेता येते का, एवढे तपासून घ्यावे. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातली, तर ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून त्यांना आधीच बांधलेली जुनी घरे घेण्यास मनाई केली. दोन्हीकडे अपवाद आहेत, पण आपण त्यात बसतो की नाही हे वकिलाकडून लेखी घ्यावे. जिथे खरेदी खुली आहे तिथेही आधी एखादा क्रमांक काढावा लागतो, जसा स्पेनमध्ये परकीयांचा ओळख क्रमांक किंवा इटलीत कर क्रमांक. तो हातात येईपर्यंत लिलावाची तारीख निघून जाऊ शकते.

लिलाव कोण करते आहे यावर पुढची निम्मी तयारी अवलंबून असते. इंग्लंडमधील लिलावगृहांच्या पारंपरिक पद्धतीत हातोडा पडताक्षणी करार बंधनकारक होतो, त्याच दिवशी साधारणपणे १० टक्के अनामत द्यावी लागते आणि उरलेली रक्कम बहुधा २८ दिवसांत भरावी लागते. ती न भरल्यास अनामत तर जातेच, शिवाय विक्रेता नुकसानभरपाईही मागू शकतो. अमेरिकेत थकीत मालमत्ता करापोटी होणाऱ्या लिलावात काही राज्यांत घर मिळतच नाही, मिळतो तो थकबाकीवरचा दावा. टेक्साससारख्या राज्यात मालकी मिळते, पण ते मूळ मालकाचे राहते घर असेल तर ठरलेली रक्कम भरून तो दोन वर्षांच्या आत ते सोडवून घेऊ शकतो, म्हणून तोवर नव्या स्वयंपाकघराचा बेत पुढे ढकललेला बरा.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. इंग्लंडमध्ये विक्रेत्याचा वकील लिलावापूर्वी कागदपत्रांचा संच उपलब्ध करून देतो. तो आपण स्वतः नेमलेल्या स्थानिक वकिलाकडून वाचून घ्यावा आणि त्याला विक्रीच्या विशेष अटींपासून सुरुवात करायला सांगावे. विक्रेत्याच्या वकिलाची फी खरेदीदाराने द्यावी, आधीच्या भाडेकरूची थकबाकीही त्यानेच भरावी, अशी वाक्ये तिथेच सापडतात. सदनिका भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत ते पाहावे, कारण ती ८० च्या खाली गेली की कर्ज मिळणे अवघड होते आणि मुदत वाढवून घेणेही महाग पडते. लिलावाच्या सकाळी संचात नवी दुरुस्ती तर आली नाही ना, हे पुन्हा एकदा तपासावे. घाईत नेमके हेच राहून जाते.

घर आतून पाहता येईलच असे नाही. जपानमधील न्यायालयीन लिलावात बहुतेक वेळा दार उघडून मिळत नाही. न्यायालयाचे मालमत्ता-विवरण, पाहणी अहवाल आणि मूल्यांकन अहवाल या तीन दस्तऐवजांवरच भिस्त ठेवावी लागते. पाहणी अहवालात घरात सध्या कोण राहते हे लिहिलेले असते. जुना मालक निघत नसेल तर ताबा मिळवून देण्याच्या आदेशासाठी पैसे भरल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

पैशांचा हिशेब बोलीच्या रकमेवर थांबवू नये. इंग्लंडमध्ये २,००,००० पौंडांच्या घरावर मुद्रांक कर मूळ दराने १,५०० पौंड होतो. पण खरेदीदार अनिवासी असेल आणि त्याचे जगात कुठेही दुसरे घर असेल, तर घराच्या पूर्ण किमतीवर २ आणि ५ टक्के असे दोन अधिभार चढून तो १५,५०० पौंडांवर जातो. लिलावगृहाचे शुल्क आणि चलन बदलताना होणारी घट वेगळीच. पैसा कुठून आला याचे पुरावे बँक आणि वकील दोघेही मागतात, म्हणून ते आधीच जुळवून ठेवावेत, नाहीतर पैसे खात्यात असूनही २८ दिवस पुरत नाहीत.

आपल्याकडील एकूण रकमेतून हे सगळे खर्च आणि दुरुस्तीचा अंदाज वजा करून जो आकडा उरेल तोच कमाल बोली म्हणून लिहून ठेवावा. जाहिरातीतील मार्गदर्शक किंमत ही विक्रीची किंमत नव्हे. विक्रेत्याची राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली तो विकणार नाही ती, त्याहून जास्त असू शकते. आपल्या वतीने दुसरा कोणी बोली लावणार असेल तर त्याला अधिकारपत्रासोबत हाच आकडा लेखी द्यावा, आणि विम्याची व्यवस्था लिलावाच्या दिवसापासूनच लागू होईल अशी करावी, कारण इंग्लंडमध्ये हातोडा पडल्यानंतर छत गळले तरी ते सहसा खरेदीदाराचेच असते.