घर मुलांच्या नावे करताना ही एक अट लिहून घ्याच

सोसायटीत नॉमिनी लावला की फ्लॅट त्याचा झाला, असं मुंबईत अजून कित्येक जण धरून चालतात. नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालकी वारसांची. हयातीतच घर द्यायचं असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता घर देण्याचा दस्त, करा. राहतं घर नवरा-बायको, मुलं किंवा नातवंडांना दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. नोंदणीचा खर्च वेगळा. भावाबहिणीला ही सवलत नाही. दोन साक्षीदार लागतात.

सहीआधी मात्र मसुदा नीट वाचा. आईवडील शेवटपर्यंत त्याच घरात राहतील आणि घर घेणारा त्यांची देखभाल करेल, ही अट त्यात स्पष्ट हवी. पुढे आबाळ झाली आणि 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दस्त रद्द करायची वेळ आली, तर हीच ओळ कामी येते. माझ्या मावशीच्या दादरच्या घराच्या मसुद्यात ती नव्हतीच; आम्ही हट्टाने घालून घेतली.

नोंदणी झाली की इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, घेऊन सोसायटीत अर्ज द्या. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे नवं नाव, तारीख, सह्या चढल्यात का, ते स्वतः बघा.